स्पेन वर्गात आणायचा की वर्ग स्पेनला न्यायचा?

स्पेनमधल्या मंडईत मासळीच्या गाळ्यासमोर पुष्कळदा रांग दिसतच नाही. पाच-सहा जण वाटेल तिथे उभे असतात. नवा माणूस येतो आणि विचारतो, "किएन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण? एखाद्या आजीबाई "यो" म्हणतात. झाली रांग. आता त्या आजीबाईंवर लक्ष ठेवायचं, त्यांच्यानंतर आपला नंबर. आपल्याकडे दवाखान्यात "शेवटचा नंबर कुणाचा?" विचारतात, तसंच हे. वाक्य स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवता येईल इतकं सोपं आहे. पण ते ठाऊक नसलेला, सगळे भूतकाळ तोंडपाठ असलेला विद्यार्थी तिथे पंधरा मिनिटं उभा राहतो आणि "इथले लोक मध्ये घुसतात" असं मत बनवून परततो.

अशा गोष्टी वर्गात आणण्याच्या चार वाटा सध्या चालतात: सांस्कृतिक दिवस, खऱ्या कागदांवरून केलेला 'बसल्या जागचा प्रवास', परदेशी वर्गाशी ऑनलाइन जोडी आणि प्रत्यक्ष सहल. सगळं करायला वेळ पुरत नाही. आठवड्याला दोनदा दोन-दोन तास, 36 आठवडे धरले तर हातात 144 तास येतात. व्याकरण आणि परीक्षेची तयारी वजा करता संस्कृतीला 20-25 तास निघाले तरी खूप. ते कुठे घालायचे, एवढाच प्रश्न आहे.

निवडण्याआधी एक काम करा. स्पॅनिश भाषेचा प्रसार करणारी स्पेनची सरकारी संस्था इन्स्तितुतो सेर्वान्तेस, तिचा 'प्लान कुर्रिकुलार' म्हणजे अभ्यासक्रमाचा आराखडा त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्यात संस्कृतीचे तीन वेगळे कप्पे आहेत: सांस्कृतिक संदर्भ (वेलास्केस कोण, आंदालुसिया कुठे), सामाजिक ज्ञान आणि वागणूक (जेवणाची वेळ, रांग, भेटल्यावर गालाला गाल लावणं), आणि दोन संस्कृतींच्या मध्ये उभं राहण्याची कौशल्यं. बहुतेक वर्गांत सगळी मेहनत पहिल्या कप्प्यावर होते. विद्यार्थी अडतो दुसऱ्यात.

सांस्कृतिक दिवस: खर्च कमी, भाषा त्याहून कमी

पताका, पाएल्या (स्पॅनिश भात), फ्लामेंको नाचाचा पंखा आणि डोक्यावर मेक्सिकन सोम्ब्रेरो. फडावर लावणी चालू असताना डोक्याला भांगड्याची पगडी बांधावी, तसा हा प्रकार. फ्लामेंको मुळात दक्षिणेतल्या आंदालुसियाचं, अख्ख्या स्पेनचंसुद्धा नव्हे. दिवसाचे चार तास आणि तयारीचे आठ-दहा तास मराठीत किंवा इंग्रजीत जातात. पालक मात्र खूश होतात, आणि नवे प्रवेश मिळवायचे असतील तर तेही हवंच. भाषेच्या हिशेबात त्याला गणू नये, इतकंच.

करायचाच असेल तर ज्यातून व्याकरण आपोआप निघतं असा सण घ्या. मेक्सिकोचा 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस (1 आणि 2 नोव्हेंबर), उत्तम. त्याच्या वेदीवरचं 'सेम्पासुचिल' म्हणजे आपला झेंडू, आणि झेंडू मूळचा तिकडचाच. दसऱ्याचं तोरण मेक्सिकोच्या फुलाचं असतं हे कळल्यावर वर्ग जागा होतो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट मांडायचं म्हटल्यावर पितृपक्ष आठवणारच. मात्र तिथे कुटुंबं फुलं, खाणं, कधी गाणंबजावणं घेऊन दफनभूमीत जाऊन बसतात. हा फरक विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या. भाषा अशी येते: 'आ मी आबुएला ले गुस्ताबा...', आजीला अमुक आवडायचं. अपूर्ण भूतकाळाची दहा वाक्यं कुणी न सांगता लिहिली जातात. एक खबरदारी हवी. वर्गात कुणाच्या घरी नुकतं कुणी गेलेलं असू शकतं, म्हणून ऐतिहासिक व्यक्ती निवडण्याची मुभा आधीच द्या.

नववर्षाच्या बारा द्राक्षांना तर वीस मिनिटं पुरतात. माद्रिदच्या पुएर्ता देल सोलच्या घड्याळाचे ठोके साधारण तीन-तीन सेकंदांनी पडतात आणि दर ठोक्याला एक द्राक्ष खायचं असतं. द्राक्षं बारीक आणि बिनबियांची आणा, नाहीतर सातव्या ठोक्याला ठसका लागतो. खऱ्या बारा ठोक्यांआधी 'कुआर्तोस', म्हणजे पूर्वसूचनेचे ठोके, वाजतात आणि नवखे तिथेच खायला सुरुवात करतात. ती फजिती वर्गात मुद्दाम होऊ द्या. पुढे बारा संकल्प भविष्यकाळात.

बसल्या जागचा प्रवास: सर्वांत भरवशाचा

यात खर्च छपाईचा. 'मेनू देल दिया'ची (त्या दिवसाच्या ठरलेल्या जेवणाची) पाटी, रेल्वेचं वेळापत्रक, औषधाच्या दुकानाच्या वेळा, भाड्याच्या खोलीची जाहिरात, असे खरे कागद जमवायचे आणि त्यांवर काम द्यायचं. चार तासिकांचा एक संच असा बसतो: दोघांची जोडी, तीन दिवस, माद्रिद ते सेविया, बजेट ठरलेलं.

पहिल्या तासिकेत स्पॅनिश रेल्वेच्या, रेन्फेच्या, संकेतस्थळावरून गाडी शोधायची. सालीदा (सुटण्याची वेळ), येगादा (पोचण्याची), इदा इ बुएल्ता (जाणं-येणं) हे शब्द इथेच बसतात. हायस्पीड गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. दुसऱ्या तासिकेत राहायची सोय. तिसऱ्या तासिकेत शिक्षक खिडकीवरचा कारकून होतो आणि दर तिसऱ्या जोडीला "एस्ता कोम्प्लेतो" (सगळं भरलंय) म्हणून परत पाठवतो. अडचण आली नाही तर संवाद पाठ केलेलाच राहतो. चौथ्या तासिकेत तक्रार: खोलीत गरम पाणी नाही, सामान आलं नाही.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, मोबाइलचा ब्राउझर पान परस्पर इंग्रजीत बदलतो. म्हणून भाषा आधी स्पॅनिशवर लावा किंवा सरळ छापून द्या. दोन, जुना मेनू वर्षानुवर्षं चालतो आणि किमती हास्यास्पद होतात. कागदाच्या कोपऱ्यात तारीख लिहा, दोन वर्षांनी बदला. तीन, शिक्षक आधी सगळे शब्द मराठीत सांगून टाकतो. पंधरा ओळींच्या मेनूतले पाच शब्द मुद्दाम सोडा, वेटरला विचारू देत.

या मेनूवरच शाकाहाराचा धडा घ्या, मराठी घरांत त्याची गरज खरी आहे. 'सोय वेखेतारियानो' (मी शाकाहारी आहे) एवढंच म्हटलं तर 'एन्सालादा मिक्स्ता' या सॅलडमध्ये ट्यूना मासा येऊ शकतो आणि मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. पुष्कळांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे मटणाचा तुकडा, हामोन (डुकराच्या मांडीचं हॅम) त्यात धरलं जातंच असं नाही. म्हणून पूर्ण वाक्य घोटून घ्या: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस, मासे, हॅम नको), आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय हा प्रश्नही. 'तोर्तिया' स्पेनमध्ये अंडं-बटाट्याची आणि मेक्सिकोत मक्याची भाकरी. अंडं न खाणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

मराठीचा आणखी एक फायदा इथेच वसूल होतो. 'तू' आणि आदरार्थी 'उस्तेद' इंग्रजीतून शिकणाऱ्याला जड जातं, आपल्याला नाही. आईला 'तू', वडिलांना 'अहो बाबा' म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला ही भानगड उपजत कळते. चूक उलटी होते: तो वयाने मोठ्या प्रत्येकाला उस्तेद म्हणतो आणि स्पेनमधली यजमान बाई म्हणते, "तुतेआमे", मला तू म्हण. कोलंबियात बोगोताकडे मात्र नवरा-बायकोही एकमेकांना उस्तेद म्हणताना आढळतात. हा फरक एका तासिकेत दोन छोट्या नाट्यप्रवेशांतून दाखवता येतो.

पगार, पाव, बटाटा हे शब्द फळ्यावर लिहून स्पॅनिशमधले पागार, पान, पाताता शेजारी मांडले की मुलं हरखतात. ते आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आले, स्पॅनिशमधून नव्हे. एवढं स्पष्ट करा, नाहीतर गोव्यात स्पॅनिश राज्य होतं असं उत्तरपत्रिकेत येतं.

ऑनलाइन जोडी: फुकट, पण घड्याळ सांभाळा

तिकडचा एक वर्ग, इकडचा एक, महिन्यातून दोनदा 40 मिनिटं. स्पेनशी फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीन. आपले संध्याकाळचे 5 म्हणजे तिकडचे दुपारचे 12:30 किंवा 1:30, शाळेच्या वेळेतलेच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ बदलतात आणि पुढच्याच सत्रात एक बाजू तासभर वाट पाहत बसते. या दोन तारखा आधीच कळवा. मेक्सिको सिटीशी फरक साडेअकरा तासांचा आणि तिथलं घड्याळ आता बदलत नाही. आपले संध्याकाळचे 7:30 म्हणजे त्यांचे सकाळचे 8.

खरी अडचण वेगळी. समोरच्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो, आपली मुलं इंग्रजीत तयार, आणि तिसऱ्या सत्रापासून सगळं इंग्रजीत चालतं. उपाय जुनाच: 20 मिनिटं एक भाषा, गजर, 20 मिनिटं दुसरी. शिवाय गप्पांचा विषय न देता वस्तू द्या. आपापल्या डब्याचा फोटो दाखवा, त्यात काय आहे ते सांगा. 'तुझे छंद कोणते' विचारलं की चौथ्या मिनिटाला शांतता पसरते. दीड महिना आधी फक्त ध्वनिसंदेशांची देवाणघेवाण ठेवली तर लाजरी मुलंही बोलती होतात, कारण संदेश पुसून पुन्हा बोलता येतो.

प्रत्यक्ष सहल: महाग, आणि पातळी नसेल तर वाया

ए-2 (युरोपीय मापाची दुसरी पातळी, ए-1 ही पहिली) पूर्ण झाल्याशिवाय नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ए-1चा विद्यार्थी दोन आठवडे मान डोलावत राहतो. दहा दिवसांत पाच शहरं ही सहल पर्यटन कंपनीची, भाषेच्या वर्गाची नव्हे. एकच शहर, 14 रात्री, सकाळी वर्ग, दुपारी कामं. माद्रिद-बार्सेलोनापेक्षा सालामांका बरं: पायी फिरता येतं, 1218 पासूनचं विद्यापीठ असल्याने परक्या विद्यार्थ्यांची सवय आहे, आणि दुकानदार लगेच इंग्रजीवर घसरत नाही. बार्सेलोनात भोवती तिथली कातालान भाषाही असते आणि नवशिक्याचा पाट्या वाचताना गोंधळ होतो. संस्था निवडताना सेर्वान्तेसची मान्यता आहे का ते पाहा.

मे महिना हवेला चांगला आणि आपल्या सुट्टीचा. पण त्याच सुमारास अर्धा महाराष्ट्र युरोपला निघतो, व्हिसाची तारीख मिळत नाही. शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा जानेवारीतच कागद तयार हवेत: किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, परतीनंतर किमान तीन महिने वैध पासपोर्ट, 18 खालील मुलांसाठी पालकांची संमती. प्रौढांचं शुल्क 2024 पासून 90 युरो आहे. ऑगस्टमध्ये स्पेनमधली कितीतरी दुकानं सुट्टीवर जातात आणि सेविया चाळिशी ओलांडतं. तो महिना टाळा.

सहल फसते ती व्हिसामुळे कमी, मराठीमुळे जास्त. वीस जणांचा गट दिवसभर मराठीत बोलतो आणि स्पॅनिश फक्त कॉफी मागण्यापुरती उरते. एका घरात जास्तीत जास्त दोघं, तीही जवळच्या मैत्रीतली नकोत. रोज एक काम द्या, ज्याचा पुरावा आणावा लागतो: मंडईत रांग विचारून पाव किलो चेरी आणा, टपालाचं तिकीट आणा, औषधाच्या दुकानातून सर्दीवरचा सल्ला लिहून आणा. यजमान घराचे नियमही आधी सांगा. रात्रीचं जेवण साडेनऊला, घरात अनवाणी न फिरता सपाता, अंघोळ आटोपशीर.

कामिनो दे सान्तियागो या स्पेनमधल्या पायी तीर्थयात्रेचा मोह मराठी गटांना होतो, वारीमुळे. सार्रियापासून सुमारे 115 किलोमीटर, पाच-सहा दिवस, यात्रेकरूच्या वहीवर दररोज दोन शिक्के. पण वारी तिथीवर, दिंडीत निघते. कामिनोला तारीख नाही, जो तो आपल्या चालीने जातो, आणि वाटेतली निम्मी संभाषणं इंग्रजीत होतात. चालायला सुंदर, भाषेला साधारण.

बजेट कमी आणि वेळ जास्त असेल तर ग्वातेमालातलं आन्तिग्वा पाहा. तिथे एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, रोज चार-पाच तास आणि यजमान घर ही पद्धत रुळलेली आहे. विमानभाडं मात्र स्पेनपेक्षा चढं. परीक्षेचं म्हणाल तर देलेमध्ये (सेर्वान्तेसच्या स्पॅनिश प्रमाणपत्राच्या परीक्षेत) लॅटिन अमेरिकी बोलीही चालते.

मग कुणी काय निवडावं?

शाळकरी ए-1 गटाला बसल्या जागचा प्रवास आणि एक सण, बस्स. महाविद्यालयीन ए-2 गटाला त्यावर ऑनलाइन जोडी. सहल त्यांच्यातल्या ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी, आणि वर्गाच्या शुल्कात न मिसळता वेगळी. पुण्या-मुंबईत स्पॅनिशभाषक ग्राहकांचे फोन घेण्याची नोकरी ज्यांना करायची आहे त्यांनी जोडी स्पेनशी न करता मेक्सिको किंवा कोलंबियाशी करावी. गाडीला 'कोचे' म्हणावं की 'कार्रो', हा तिथे रोजचा प्रश्न. 'कोहेर' हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडायला वापरतात, मेक्सिकोत ते अश्लील. ग्राहकाच्या कानावर ते पडण्याआधी वर्गात सांगितलेलं बरं.