जरबेऱ्याच्या पॉलीहाऊसमधला कंट्रोलर: वर्षभर वापरून

मावळात आमचं 20 गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, आत सगळा जरबेरा, फुलांसाठी. गेल्या मार्चमध्ये फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणाऱ्या नळ्या) आणि बाजूचे पडदे आपोआप चालवणारा कंट्रोलर बसवला. दोन सेन्सर धरून पेटीचे 27 हजार, पडद्यांच्या मोटारींचे वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या आता बरेच जण विकतात, आणि मी सांगतेय ते कुठलीही घेतलीत तरी कामी येईल.

आधी हे सगळं मामंजी हातानं करायचे. पहाटे आत शिरले की प्लॅस्टिकवरून थेंब गळतायत का ते बघून पडदे गुंडाळायचे, अकराला शेडनेट ओढायचे, मग फॉगरचा व्हॉल्व्ह. त्यांचे गुडघे दुखायला लागले म्हणून पेटी आणली.

उन्हाळ्यात तिनं पैसे वसूल केले. कोरड्या हवेत फॉगरचं धुकं विरून जातं आणि विरताना हवेतली उष्णता ओढून घेतं. 36 अंश तापमान आणि 30 टक्के ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर 23 च्या आसपास दाखवतो. पाणी विरून हवा फार तर तेवढीच थंड होऊ शकते, म्हणजे उतरायला जागा भरपूर. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी पाच-सहा अंश उतरले, दांडे आखूड राहिले नाहीत, लाल कोळी ही कीडही आटोक्यात राहिली. पण कंपनीनं लावून दिलेलं सेटिंग आम्हाला बदलावं लागलं. त्यांचा फॉगर एक मिनिट चालायचा, तोही पडदे पूर्ण बंद करून. बंद घरात हवा लगेच ओलीनं भरते, पुढचं पाणी विरत नाही, थेट पानांवर बसतं. आता फॉगर 20 सेकंद चालतो, मग पाच मिनिटं थांबतो. वरची खिडकी उघडीच असते आणि दुपारी साडेतीननंतर फॉगर बंद म्हणजे बंद. संध्याकाळच्या आत पानं वाळलीच पाहिजेत.

जूनमध्ये मात्र फार त्रास झाला. ह्युमिडिटी 65 च्या खाली असेल तरच फॉगर चालायचा, असं लावलं होतं. हवा इतकी जड की आत उभं राहवत नव्हतं, तरी पेटी 60 दाखवायची आणि फॉगर सुरूच. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून व्यापाऱ्याचा फोन आला, ताई, पाकळ्यांवर तपकिरी ठिपके आहेत. बोट्रायटिस, म्हणजे ओलीत वाढणारी बुरशी. तीन दिवसांची तोडणी मातीमोल झाली. कंपनीत फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई, सेन्सर नवा आहे, चुकणार नाही."

मग मी घरी मिठानं तपासलं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं झालं की थांबायचं. ते झाकण आणि सेन्सर एकाच घट्ट बंद पिशवीत रात्रभर सावलीत ठेवायचे. सकाळी सेन्सरनं 75 टक्के दाखवायला हवेत. एकानं 74 दाखवले, दुसऱ्यानं 63. म्हणजे बारा टक्क्यांचा घोटाळा, आणि हाच सेन्सर फॉगर चालवत होता. पिशवीचा फोटो पाठवल्यावर त्यांचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला. त्यानं मेनूतून तेवढी दुरुस्ती केली आणि पुढच्या महिन्यात सेन्सरच बदलून दिला, पैसे न घेता. चूक बसवण्यातही होती. तो सेन्सर फॉगरच्या नळीखालीच टांगला होता आणि दुपारी त्यावर ऊन यायचं. आता दोन्ही सेन्सर मधल्या बेडवर, फुलांच्या उंचीला आहेत आणि त्यांवर पांढऱ्या ताटल्यांची उतरंड आहे, हवा खेळेल अशी. दर तीन महिन्यांनी मीठ लावून बघते.

पावसाळ्यात फॉगरची स्वयंचलित लाईन सरळ बंद ठेवा. 28 अंश आणि 90 टक्के ह्युमिडिटीत तो जेमतेम अंशभर उतरवेल आणि रोग मात्र वाढवेल.

थंडीत पेटी पुन्हा उपयोगी ठरली. पडदे आधी फक्त तापमानावर उघडायचे, म्हणजे नऊ वाजेपर्यंत बंदच, आणि तोवर प्लॅस्टिकचं दव फुलांवर टपटपत राहायचं. आता ह्युमिडिटी 85 च्या वर गेली की सूर्य उगवल्यावर पडदे अर्धा फूट उघडतात, वीस मिनिटं. थंडी आत येईल म्हणून मामंजी आधी तयार नव्हते. पण बाहेरची 12 अंशांची ओलसर हवा आत येऊन 22 पर्यंत तापली की तिची ह्युमिडिटी जवळपास निम्मी होते. थेंब थांबले, तेव्हा त्यांनीच फॉगरच्या वेळा वहीत लिहून ठेवायला घेतल्या.

दोन उणिवा राहिल्या. वीज गेली की पडदे जिथल्या तिथे अडकतात, म्हणून मोटारीला हातानं फिरवायचं हँडल असेल तरच घ्या. आणि वाऱ्याचा मापक नाही. मेमध्ये वळवाचं वारं सुटलं तेव्हा पेटी उकाडा बघून पडदे उघडे ठेवत होती. आम्ही दोघी जावा धावत जाऊन हँडल फिरवत होतो, तरी पश्चिमेकडचं प्लॅस्टिक एका ठिकाणी फाटलंच.

पाचपैकी चार. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, मापक जोडता येतो का ते आधी विचारून.