बांधिलकी, उत्तरदायित्व की सरळ जबाबदारी?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा पत्रव्यवहार काही वर्षं माझ्याकडे आहे. कंपन्यांकडे पाठवायच्या अर्जात ‘सीएसआर’ला (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च) मराठीत काय म्हणायचं, यावर माझे तीन शब्द वापरून झाले. तुम्ही पहिलाच अर्ज लिहायला बसला असाल तर माझा अनुभव ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा.

नुसतं ‘सीएसआर’ लिहिलं तरी कंपनीच्या माणसाला चालतं. पण तोच मजकूर पालकसभेत वाचायचा, ठरावात घ्यायचा आणि शेवटी भिंतीवरच्या पाटीवर रंगवायचा असतो. शिवाय आमच्या खाणपट्ट्यात सीएसआर आणि जिल्हा खनिज निधी यांची कायम गल्लत होते. खनिज निधी २०१५ पासूनचा, खाणीची झळ बसलेल्या भागासाठीचा; तो खाणवाल्यांना रॉयल्टीच्या हिशेबाने भरावा लागतो आणि त्याचं दारही वेगळं. ‘खाणीचो फंड’ म्हणून दोन्ही एकाच पत्रात मागू नका.

‘उत्तरदायित्व’ अर्थाने नेमका शब्द, परिपत्रकात शोभतो. सभेत मी तो वाचला तेव्हा मागच्या बाकावरून एका आजीने विचारलं, “हें उत्तर कोणाक दिवपाचें?” हशा झाला. प्रश्न मात्र मला अजून पटतो.

‘बांधिलकी’ कानाला सर्वांत गोड. माझी दोन वर्षं तिच्यातच गेली. एका कंपनीने पाण्याचा फिल्टर दिला, पाटीवर ‘सामाजिक बांधिलकीतून सप्रेम भेट’. मसुदा माझाच. दुसऱ्या पावसाळ्यात फिल्टर बंद पडला. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, “सर, ती भेट होती ना?” यावर काय बोलणार? भेट मिळालेल्या साडीला फॉल लावून द्या, असं कोणी म्हणतं का? मुलं तो सबंध पावसाळा घरून बाटल्या आणत होती आणि मी येता-जाता ती पाटी वाचत होतो.

तेव्हा सीएसआरचं कलम १३५ पुन्हा काढून वाचलं. कंपनी कायदा २०१३ चा, पण हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू. त्याच्या कक्षेत येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के खर्च करायचे असतात. २०२१ पासून तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा ठरवून दिलेल्या निधीत टाकावी लागते. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत, म्हणजे ‘प्रायोजक’ हा शब्दही अर्जातून गेला. इतकं सगळं असताना प्रेमाची भाषा आपण कशाला वापरायची?

पुढच्या अर्जात सरळ ‘सामाजिक जबाबदारी’ लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: देखभालीसह तीन वर्षं. नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुभा आहे. समोरचे अधिकारी जरा बिचकले, “जबाबदारी म्हणजे कायमचा बोजा वाटतो,” म्हणाले. त्यांचंही अगदी चूक नव्हतं. शब्द थोडा रोखठोक आहे. शेवटी दोन वर्षांवर तडजोड झाली. फिल्टर चालू आहे. शब्दामुळे की त्या ओळीमुळे, छातीठोकपणे नाही सांगत. पण ती ओळ ‘सप्रेम भेट’च्या खाली लिहायला माझा हात धजला नसता. आणि सभेत कोणी अर्थ विचारला नाही. कोकणीत आपण जापसालदारकी म्हणतो. जाप काय, जबाब काय, एकच.

‘ईएसजी’च्या (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या) वाटेला जाऊ नका. तो शब्द गुंतवणूकदारांसाठी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या त्या प्रकारच्या अहवालाची सक्ती बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना आहे. शाळेच्या अर्जात त्याचं काम नाही.

बांधिलकी मी पूर्ण टाकलेली नाही. गावातला एक दुकानदार दर वर्षी गरजू मुलांना वह्या देतो. त्याच्या आभारपत्रात मी अजून तोच शब्द लिहितो. त्याला कुठलं कलम लागू नाही.