बंदुकीचा कारागीर शोधायचाय? मिरजेला जा

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची जुनी बंदूक कुणाकडे दाखवावी, असं ओळखीतले लोक मला हल्ली विचारतात. मी मिरजेचं एक दुकान सांगते. सतारमेकर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पाटी नाही, चालवणाऱ्यांना सगळे चाचा म्हणतात. बंदूक दुरुस्तीचा रीतसर परवाना मात्र भिंतीवर फ्रेम करून लावलेला आहे.

आमची रायफल तासगावच्या वाड्यातली. टोपीवर (घोडा आपटला की पेट घेणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) उडणारी, एकनळी, दस्ता अक्रोडाचा. मामंजींच्या नावावर परवाना आहे. नळीवर वरच्या बाजूला नाव कोरलंय: वेस्टली रिचर्ड्स, 170 न्यू बाँड स्ट्रीट, लंडन. त्यामुळे घरात तिला ‘लंडनची बंदूक’च म्हणतात. आधी आम्ही ती दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली होती. तिथं ‘बफ मारून आरशासारखी करून देतो’ म्हणाले, तेव्हा मामंजींनी ती तशीच परत गोणपाटात गुंडाळली.

चाचांनी बंदुकीला हात लावायच्या आधी विचारलं, “ताई, कागद कुठंय?” परवाना वाचला, नंबर जुळवला, मगच कापड अंथरलं. ज्यांच्या घरी अशी वस्तू बिनकागदाची पडून आहे त्यांनी 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम एकदा वाचावं. जुन्या पद्धतीची आणि दुरुस्त करूनही उडणार नाही अशी बंदूक त्यातून सुटते. उडू शकत असेल तर नुसत्या जुनेपणावर अवलंबून राहू नका, आधी पोलीस ठाण्यात विचारा.

खरं काम पुढं सुरू झालं. दस्त्यातली पाचर त्यांनी लाकडी ठोकणीनं अलगद बाहेर काढली, घोडा अर्ध्यावर ओढून नळी वर उचलली आणि उलटी केली. “वरचं नाव दुकानदाराचंबी असतंय. खरं खालीच सापडतं.” दस्त्यात झाकलेला भाग शंभर-दीडशे वर्षं कुणाच्या हाताला लागलेला नसतो, म्हणून तिथले ठसे टिकतात. कापसावर पातळ तेल घेऊन त्यांनी मळ उचलला, थोडी पांढरी पावडर चोळली आणि बॅटरी आडवी धरली. मुकुट आणि त्याखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड स्पष्ट दिसले. एकात बी, पी, सी, दुसऱ्यात व्ही. ही बर्मिंगहॅमची खूण. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला 1637 साली सनद मिळाली. त्यांच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी गुंतलेले असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 च्या कायद्यानं झालं. तिथं नळीत जास्तीची दारू ठासून बार काढत आणि नळी टिकली तरच ठसा मारत.

म्हणजे पत्ता लंडनचा, नळी पास झाली बर्मिंगहॅमला. चाचांना यात काही नवल वाटलं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. विल्यम वेस्टली रिचर्ड्सनं 1812 साली कारखाना काढला तो बर्मिंगहॅमला, आणि न्यू बाँड स्ट्रीटवर त्याचं विक्रीचं दुकान होतं. ते सांभाळणाऱ्या बिशप नावाच्या गृहस्थाला गिऱ्हाईक ‘बाँड स्ट्रीटचा बिशप’ म्हणे! म्हणजे नाव कारागिराचं आणि पत्ता दुकानाचा, दोन्ही खरे. ठशाशेजारी 16 चा आकडा आहे. एक पौंड शिशाच्या सोळा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत बसेल, असा त्याचा हिशेब. टोपी 1820 नंतर रुळली आणि 1860 नंतर मागून भरायच्या बंदुका आल्या, तेव्हा आमची रायफल या दोहोंच्या मधली.

चाचांचं घराणं शिकलगारांचं. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचा धंदा बसल्यावर सतारी करायला घेतल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. यांच्या घरातली एक शाखा लोखंडालाच धरून राहिली. त्या हातांची सफाई चाप, म्हणजे घोड्याची यंत्रणा उघडताना दिसते. एकाही स्क्रूची खाच खरवडली गेली नाही. गंज थांबवला, वर मेणाचा हात दिला आणि नळीचा तपकिरी रंग जसाच्या तसा राखला. माझ्या मते पैसे याचेच द्यावेत. रंग गेला की तो परत आणता येत नाही आणि अक्षरंही बोथट होतात.

उणिवाही आहेत. लेखी अहवाल मिळत नाही, फोन बहुतेक वेळा उचलत नाहीत, आणि दिलेल्या तारखेला काम झालेलं नव्हतं. ठशांचे फोटो आपणच काढायचे. उजेड कमी असल्यानं चांगली बॅटरी सोबत न्या. किंमत विचारलीत तर सांगणार नाहीत. खरेदी-विक्रीत ते पडतच नाहीत, आणि मला ते पटलं. आमच्याकडून पंधराशे रुपये घेतले. एवढ्या कामाला ते कमीच वाटले.

जाताना परवानाधारकालाच घेऊन जा, सकाळी दहाच्या सुमारास. आणि चापावर मुकुट व ‘टॉवर’ एवढंच कोरलेलं असेल तर ते कारागिराचं नाव समजू नका. टॉवर म्हणजे लंडनचं सरकारी शस्त्रागार, आणि तो शब्द नकली मालावरही सर्रास असतो. तेव्हा नळी उलटी करून बघायला सांगा.