पैसे भरून घेतलेलं रेझ्युमे ॲप: काही महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळीनंतर नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हापासून हे ॲप वापरतोय. पहिल्या महिन्यात ऑफिसातल्या दोघातिघांना आवर्जून सुचवलं होतं. आता सुचवणार नाही.

रंग, फॉन्ट, टेम्प्लेटची संख्या यात जात नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. माझा राग आहे ॲप उघडताच सगळ्यात वर दिसणाऱ्या दोन कॉलमच्या टेम्प्लेटवर. डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो, कौशल्यं आणि प्रत्येकापुढे तारे, उजवीकडे अनुभव. दिसतं झकास. पण एका कंपनीच्या करिअर पेजवर ती पीडीएफ अपलोड केली आणि पुढचा फॉर्म आपोआप भरून आला. कंपनीच्या रकान्यात 'टॅली प्राइम' (हे हिशेबाचं सॉफ्टवेअर), पदाच्या रकान्यात 'मराठी, हिंदी, इंग्रजी' आणि बी.कॉम.चं वर्ष नोकरीच्या तारखेत! अर्ज चाळणारी सॉफ्टवेअर, म्हणजे एटीएस, बऱ्याचदा मजकूर आडवा वाचतात. मग डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला चिकटते. तारे चित्रं असतील तर त्यातून काहीच वाचलं जात नाही.

तपासणी फुकटात होते. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे खिचडी दिसली तर समोरच्या सॉफ्टवेअरलाही बहुधा खिचडीच दिसणार. संताप याचा की ॲपने याच रेझ्युमेला नव्वदच्या वर 'स्कोअर' दिला होता. कस्टमर केअरला विचारलं, तर उत्तर आलं की एक कॉलमचं साधं टेम्प्लेट वरच्या प्लॅनमध्ये आहे. साध्या कागदाला जास्त पैसे? मी भरले नाहीत. वर्डची फाइल उतरवली आणि पट्टी, फोटो, तारे काढून सगळा मजकूर स्वतः एकाखाली एक लावला.

एका बाबतीत मात्र मत बदललं. 'मेहनती, ध्येयवादी, टीममध्ये काम करणारा' असली तयार वाक्यं पाहून मी सुचवण्यांचा भाग बंदच केला होता. पुन्हा चालू केला तेव्हा अनुभवाच्या प्रत्येक ओळीखाली 'किती? किती वेळात?' हे प्रश्न दिसले, आणि ते खरोखर कामाचे आहेत. माझी ओळ होती 'जीएसटी व अकाउंट्सचं काम'. तिची झाली 'दरमहा सुमारे 300 खरेदी बिलांची जीएसटीआर-2बीशी जुळवणी. जीएसटीआर-3बी 20 तारखेच्या आत'. (2बी म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी, 3बी म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र.) मुलाखतीत पहिला प्रश्न याच ओळीवर आला: न जुळलेल्या बिलांचं काय करता? यावर मी तासभर बोलू शकतो. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि तळाचं 'वरील माहिती खरी आहे' हेही गेलं, ते लग्नाच्या बायोडेटात शोभतं. सगळं एका पानात बसलं.

तेवढ्यासाठी वर्षाची वर्गणी? नाही. गुगल डॉक्समध्ये एक कॉलमचा रेझ्युमे फुकट होतो आणि ते दोन प्रश्न आता पाठ आहेत. ऑटोपे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज यावा लागतो, तो वाचा. ॲपमध्ये 'रद्द करा' सापडेना, म्हणून मी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द केलं. त्याआधी वर्डची फाइल उतरवून ठेवा, कारण वर्गणी संपली की इथे फक्त वॉटरमार्कवाली पीडीएफ मिळते.