बाराशे पाणरोपं, अकरा महिने आणि त्या काळ्या पिशव्या

परवा तळ्याच्या काठचा गाळ ओढताना रोपांच्या आणखी १७ प्लॅस्टिक पिशव्या निघाल्या. अकरा महिने झाले तरी निघतायत, म्हणून शेवटी हे लिहायला बसलो.

गेल्या जूनमध्ये आमच्या गावतळ्यासाठी नर्सरीतून १,२०० रोपं उचलली. ५०० कर्दळ, ४०० वेखंड, ३०० पाणकणीस. सरसकट ३० रुपये नग, म्हणजे ३६,००० आणि टेम्पोभाडं वेगळं. पैसा वर्गणीचा, त्यामुळे हिशेब मलाच द्यायचा होता. नर्सरीला नावं ठेवणार नाही, रोपं तजेलदार होती, मोजणी चोख, वर वीस रोपं तूट म्हणून जादा. वेखंडाचं पान चुरगळून वास घेतला, अस्सल निघालं. (हे कराच. नुसती तलवारीसारखी पानं बघून घेतलंत तर वेखंड म्हणून काहीही गळ्यात पडतं.) दोन-तीन पिशव्यांत जलपर्णीची पिल्लं होती, ती तिथेच काढून टाकली.

पण पिशव्या! "परत घेत नाही काका, रोपाच्या भावातच धरलीय." म्हणजे कचराही मीच विकत घेतला. त्यात लावणीच्या दिवशी पाऊस आला, मजुरांनी घाई केली आणि बरीचशी रोपं तळाला नुसती चीर देऊन पिशवीसकट चिखलात खोचली. आंब्याचं कलम असं लावलं तरी चूकच, पण वेखंडाला तर ही शिक्षा आहे. त्याचा गड्डा जमिनीलगत आडवा सरकतो. ऑगस्टमध्ये एक पिशवी फाडून पाहिली. गड्डा प्लॅस्टिकला टेकून मागे वळलेला, जिलबीसारखा, आणि तळाच्या चिरेतून चारच पांढरी मुळं बाहेर. तेव्हापासून दर रविवारी मी आणि दोन पोरं पिशव्या वेचतो. आतापर्यंत ८६३. हो, मोजतो.

दिवाळीपर्यंत माझं मत ठाम होतं, की निम्मं वेखंड मेलं ते पिशव्यांमुळे. आता तसं म्हणवत नाही. ज्यांच्या पिशव्या नीट काढल्या होत्या तीही रोपं खालच्या रांगेत मेलीच होती. चूक माझी. जूनमध्ये पाणी आटलेलं असताना अगदी पाण्याच्या कडेला लावली आणि जुलैत तळं दोन फूट चढलं. ही झाडं चिखलातल्या मुळांना हवा पोचवतात ती पानांतून. नवं रोप शेंड्यासकट गढूळ पाण्याखाली गेलं की त्याचा श्वासच कोंडतो. वरच्या रांगेतली, पिशवीत अडकलेलीसुद्धा, तगली. आता लावणी ऑक्टोबरपासून, पाणी उतरायला लागलं की.

ऑक्टोबरमध्ये एका शेतकऱ्याकडून वेखंडाचे ओले गड्डे आणले, गोणीत. मातकट गड्डे बघून वर्गणीदारांनी नाकं मुरडली. हळदीच्या बेण्यासारखे डोळा बघून तुकडे केले, बोटभर चिखलात दाबले, तरंगू नयेत म्हणून वर दगड. फेब्रुवारीत हिरवी पाती दगडाला वळसा घालून वर आली. खर्च रोपांच्या चौथाईसुद्धा नाही. पिशवी शून्य.

बाकीचं थोडक्यात. पाणकणीस विकत घेऊ नका, कणसातला बियांचा कापूस वाऱ्यावर उडून ते आपणहून येतं. आमच्या पलीकडच्या कोपऱ्यात कुणीही न लावता आलंय आणि आता तेच आवरावं लागतंय. त्या ९,००० रुपयांवरून बैठकीत बोलणी खाल्ली. कर्दळ झकास वाढली, पण ती मूळची अमेरिकेतली. घरांचं सांडपाणी जिथे येऊन पडतं त्या तोंडाशी ठेवा, सगळ्या काठाला नको. मी सगळ्या काठाला लावली, कारण फुलं छान दिसतात.

गेल्या आठवड्यात नर्सरीचा मेसेज आला, यंदा ३४ रुपये. विचारलं, पिशवीशिवाय काय भाव? "काका, पिशवीशिवाय रोप देणार कसं?" म्हटलं, बाळाच्या टाळूला लावायचं वेखंड आमच्या आजीला कागदाच्या पुडीतच मिळायचं. त्यावर उत्तर नाही.

परवाच्या सतरांतल्या सहा धड निघाल्या. धुऊन दोरीवर वाळत घातल्यात. घरी गवती चहाचे ठोंब लावायचे आहेत.