गॅरेजवाला, गाडीडीलर आणि टॅक्सवाला: नऊ महिने रेफरलवर धंदा करून काय झालं

जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा उठला आणि मी ठरवलं, आता पाहुण्यांना फोन करून पॉलिसी विकणं बास, दुसऱ्या धंदेवाल्यांशी जोडून घ्यायचं. मी जनरल इन्शुरन्सचा एजंट, सात रस्त्याजवळ ऑफिस, ऑफिस म्हणजे एक टेबल आणि अडकणारा प्रिंटर. तिघांशी बोललो, जुळे सोलापुरातला टू-व्हीलर गॅरेजवाला, विजापूर रोडचा सेकंडहँड गाड्यांचा डीलर आणि नवी पेठेतला टॅक्स कन्सल्टंट.

तिघांचा पहिला प्रश्न एकच, मला काय? गॅरेजवाले अण्णा तर सरळच म्हणाले, पॉलिसीमागं शंभर द्या की. आता विमा कायद्याच्या कलम ४० प्रमाणं एजंट नाहीतर लायसनवाला मध्यस्थ सोडून दुसऱ्या कुणाला कमिशन देता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला आपल्या कमिशनातून सूट दिली तर कलम ४१, दंड १० लाखांपर्यंत. बाजारात सगळे देतात, मलापण दिसतंय. पण हिशोब तरी बघा, १२५ सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, ७१४, जीएसटी धरून ८४३, त्यातनं शंभर कुठनं काढू बे?

मग अण्णांना म्हटलं पैसे नाही, पण तुमच्या गिऱ्हाइकाचा क्लेम अडला तर मी स्वतः पळतो. त्यावर चाललं. गाडी सर्व्हिसिंगला आली की आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर, कोपऱ्यात ऑइलचा काळा अंगठा ठरलेला, आणि कॅलेंडरच्या मागं गाडी नंबर न् इन्शुरन्स संपायची तारीख. ही कल्पना त्यांचीच, माझ्या एक्सेलपेक्षा भारी. गंमत अशी की सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळं माणूस पाच वर्षं इन्शुरन्स विसरूनच जातो आणि सहाव्या वर्षी चौकात पोलिसानं अडवून २००० ची पावती फाडली की आठवतो. अण्णांकडं असले लई निघाले.

मे महिन्यात मीच त्यांना पीओएसपीला, म्हणजे साध्या पॉलिस्या विकायच्या परवानगीला, बसवलं, दहावी पास लागतं, १५ तासांचं ट्रेनिंग न् परीक्षा. आता टू-व्हीलरच्या पॉलिस्या ते स्वतःच विकतात. घरी बोलणी खाल्ली, हातातलं गिऱ्हाईक घालवलंस म्हणून. पण मेडिक्लेमवाले सगळे माझ्याकडं येतात, आणि खरं सांगू का, ८४३ च्या पावत्या छापून मी कंटाळलोच होतो.

टॅक्सवाल्याचं ठीकठाक. ८०डी चं, म्हणजे मेडिक्लेमच्या हप्त्यावरच्या करवजावटीचं, कारण सांगून माणसं पाठवायचे, पण इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये ती वजावटच नाही, त्यामुळं जुलैत फोन थंड. २२ सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला तेव्हा मात्र आठवड्यात चार जण आले.

डीलरचं बंद केलं. जूनमध्ये त्याच्याकडनं एकानं कार घेतली, डीलर म्हणाला इन्शुरन्सचं आमचा माणूस बघतो. आमचा माणूस म्हणजे मी, आणि मला फोनच आला नाही! गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत पॉलिसीपण नावावर करून घ्यायची असते. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडं जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग जात नाही. दीड महिन्यानं मोहोळजवळ गाडी डिव्हायडरला घासली, बिल ६२ हजार, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, क्लेम नामंजूर. तो माणूस बायकोला घेऊन ऑफिसात आला, ओरडला नाही, नुसता बसून राहिला. चहा मागवला तर घेतला नाही. त्याला काय सांगणार की मला माहितीच नव्हतं, डीलरनं तर माझंच नाव दिलेलं.

त्याच्या आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, त्यावरनंपण वाजलंच होतं. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, पण डीलर गाडी विकतानाच सांगायचा, ५० टक्के बोनस आहे साहेब, प्रीमियम निम्मा. मग गिऱ्हाइकाला खरं सांगायचं काम माझं.

आता कुणाशी जोडायचं म्हटलं की आधी विचारतो, गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल नेमकं काय सांगणार? आणि गिऱ्हाइकाचा नंबर त्याच दिवशी मला पाहिजे.

सोमवारी अण्णांच्या मेव्हण्याकडं जायचंय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. फायर पॉलिसी आहे म्हणे, पण मशिनी वाढल्या न् रक्कम तीच ठेवलीय. मशिनींच्या किमतीच्या अर्ध्याच रकमेचा विमा असला तर दहा लाख जळाल्यावर पाचच्या आसपासच हातात येतात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.