ग्राहक आयोगाचा रिव्ह्यू: पंप उघडला आणि वॉरंटी मिळाली

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार वेळेसाठी कापलाय, बाकी पैसा वसूल, आणि पैसा म्हणजे फी फक्त ४०० रुपये.

झालं असं की गाडी डिझेल एसयूव्ही, १४ लाखांच्या आसपासची, वॉरंटी अजून चालू. हायवेला अचानक पिकअप गेला, चेक इंजिनची लाईट लागली आणि गाडी बंद ती बंदच. टो करून शोरूमला टाकली. मग ॲडव्हायझरचा फोन, सर डिझेलमध्ये पाणी आहे, हाय प्रेशर पंप (डिझेल दाबाने पुढे ढकलणारा) आणि चारही इंजेक्टर (ते इंजिनमध्ये फवारणारे) गेलेत, वॉरंटीत बसत नाही, एस्टिमेट दीड लाखाच्या वर. म्हटलं पाणी दाखवा. तर प्लास्टिकच्या बाटलीत काढलेलं सॅम्पल पुढे केलं, सील नाही, तारीख नाही, माझी सही नाही, कधी काढलं आणि कुठल्या गाडीतून काढलं देव जाणे.

डिझेलवाल्यांना हा प्रकार नवा नाही. फ्युएल सिस्टिम गेली की पहिलं उत्तर 'भेसळ', म्हणजे शोरूम पण सुटलं आणि कंपनी पण, आता तुम्ही जाऊन भांडा पेट्रोल पंपाशी.

तोंडी नकार मी घेतलाच नाही. नकाराचं कारण मेलवर लिहून द्या आणि जॉब कार्डची, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीची, कॉपी द्या, एवढंच लावून धरलं. बरीच खळखळ केली पण मेल आला, 'वॉटर कंटॅमिनेशन', आणि पुढे सगळी केस त्या एका ओळीवर उभी राहिली. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार टाकली, मराठीत बोलतात, नीट ऐकून घेतात, पण ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. कंपनीने तिथेही तीच ओळ कॉपी-पेस्ट केली.

मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक फार कामाची सोय आहे, तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्याच आयोगात केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो नाहीतर गुरगावला. वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइन होतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच काम होतं, ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० ते २० लाखांना ४००. डीलर आणि कंपनी दोघांनाही केसमध्ये पार्टी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आता खरी गोष्ट. कलम ३८ मध्ये असं आहे की दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग तपासणी करून घेऊ शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची. मी तसा अर्ज दिला. आमच्या केसमध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलच्या एका सरांना नेमलं आणि पाहणी शोरूमच्याच बे मध्ये, दोन्ही बाजू समोर उभ्या. सरांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी फिल्टर काढायला लावला, टॉर्च मारून हाउसिंग आतून बघितलं, स्वच्छ. म्हणाले पाणी आलं असेल तर गंज कुठाय? मग स्कॅनर लावला, फिल्टरमध्ये पाणी साचलं की सेन्सर कोड टाकतो, तो कोडच नाही. मग पंप उघडला तर आत रांगोळीत चमकी मिसळावी तशी धातूची भुकटी. गंजाचा डाग एक नाही. पंप आतून घासला गेला आणि तो चुरा रेलमधून, म्हणजे पंपाकडून येणाऱ्या डिझेलच्या नळीतून, इंजेक्टरमध्ये गेला, एवढं साधं. कंपनीचा टेरिटरी मॅनेजर तोवर मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता, फोटो काढताना मात्र पुढे आला.

रिपोर्ट दाखल झाल्यावर हवा एकदम बदलली. आयोगाने मध्यस्थी करायची का विचारलं, दोन्हीकडून हो, आणि तिथे एका बैठकीत मिटलं. पंप, इंजेक्टर, रेल, टाकी सफाई, लेबर सगळं फुकट, नव्या पार्टला वर्षाची वॉरंटी लेखी, शोरूमने लावलेला पार्किंग चार्ज रद्द. एक्स्पर्टची फी अर्धी मिळाली. ओला-उबरचे पैसे मागितले होते ते सोडले, ताणलं असतं तर परत तारखा. मध्यस्थीत तडजोड झाली की अर्जाची फी परत मिळते असा २०२० चा नियम आहे, त्यामुळे ते ४०० पण आले.

दीड स्टार का कापला तर कायद्यात तपासणी असलेल्या तक्रारीला ५ महिने लिहिलेत, आमचं त्याच्या बरंच पुढे गेलं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि वर १५, ते त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत वापरले, मग कधी वकील आजारी, कधी बेंच नाही. तोवर गाडी शोरूमच्या मागच्या अंगणात धूळ खात आणि ईएमआय आपला चालूच. आणि हो, तक्रारीची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, शोरूमच्या 'बघतो सर' मध्ये ती आरामात निघून जाते.

डिलिव्हरी घेताना ॲडव्हायझर हळूच म्हणतो, सर कंपनीतून फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा सांगा प्लीज. मी दोन सांगितले, ते पण चहा बरा होता म्हणून.